अक्कांचे बधिर पाय आणि होमोसिस्टीनचा आकडा



दशलक्षण पर्व तोंडावर आलंय. बस्तीशेजारच्या कार्यालयात यंदाही आरोग्य शिबिर ठेवलंय आणि त्याच्या पत्रकात एक ओळ ठळक अक्षरात आहे: होमोसिस्टीन तपासणी, हृदयविकाराचा धोका आधीच ओळखा. परवापासून चौघींचे फोन आले. "तुमच्या सासूबाईंचं ते वाढलं होतं ना? आम्ही करू का?" प्रत्येकीला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा इथे एकदा नीट लिहिते. मी डॉक्टर नाही. पण गेलं वर्षभर या एका आकड्याच्या मागे मी जेवढी फिरले आहे, तेवढी मुलांच्या दहावीच्या मार्कांमागेही फिरले नव्हते.

माझं मत आधीच सांगते. तपासणी उपयोगी आहे, आपल्यासारख्या घरांत तर फारच. पण पत्रकात दिलंय त्या कारणासाठी नाही.

आमच्या सासूबाईंना आम्ही सगळे अक्का म्हणतो. वय बहात्तर. मामंजी गेले त्या वर्षी त्यांनी रसत्यागात दूध आणि दही कायमचं सोडलं. त्याला आता अकरा वर्षं झाली. चातुर्मासात पालेभाजी नाही, अष्टमी-चतुर्दशीला हिरवं काही नाही, सूर्यास्तानंतर पाणीही नाही. त्यांच्या नियमांचं आम्हाला कौतुकच वाटायचं. नव्या सुनांना मी उदाहरण म्हणून सांगायची.

तीनेक वर्षांपूर्वी त्यांच्या पायांना मुंग्या यायला लागल्या. मग चप्पल पायातून निसटायची आणि त्यांना कळायचंच नाही. अंगणात दहा पावलं अनवाणी चालून गेल्यावर कोणीतरी सांगायचं, "अक्का, चप्पल मागं राहिली." त्या म्हणायच्या, "कापसावर चालल्यागत वाटतंय बघ." पहाटे अंधारात उठल्या की भिंत धरायच्या. जीभ लाल व्हायची, तिखट लागायचं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, चाळीस वर्षं तोंडपाठ असलेली पूजा म्हणताना मध्येच थांबायला लागल्या. आम्ही प्रत्येक गोष्टीला एकेक कारण शोधून ठेवलं होतं. मुंग्या म्हणजे सांधे, चप्पल सैल, जीभ उष्णतेनं, विसरणं वयामुळे. एका दवाखान्यात कॅल्शियम आणि दुखण्याच्या गोळ्या मिळाल्या. त्या त्यांनी मुकाट घेतल्या.

गेल्या वर्षीच्या शिबिरात तपासण्यांच्या पॅकेजमध्ये होमोसिस्टीन होतं, म्हणून मी त्यांचं नाव घातलं. खरं तर पॅकेज स्वस्तात पडत होतं म्हणून. रिपोर्ट आला ६२. शेजारी छापलेलं होतं की १५ च्या आत हवं. ह्यांनी मोबाईलवर शोधलं आणि हृदयविकार, पक्षाघात, विस्मरण असे शब्द एकामागून एक वाचून दाखवले. त्या रात्री घरात कोणी नीट झोपलं नाही. अक्का सोडून.

दुसऱ्या दिवशी ज्या डॉक्टरबाईंकडे नेलं, त्यांनी ना ईसीजीची घाई केली ना आकड्याची. पहिला प्रश्न विचारला, "आजी, रोज खाता काय?" अक्कांनी नियम सांगितले. मग बाईंनी दोन दातांचा एक धातूचा चिमटा हातावर आपटून झणझणवला, ट्यूनिंग फोर्क म्हणतात त्याला, आणि अक्कांच्या पायाच्या अंगठ्यावर टेकवला. "झिणझिण कळते का?" नाही. घोट्यावर? नाही. गुडघ्यावर थोडी. मग पाय जुळवून उभं राहून डोळे मिटायला सांगितलं. डोळे मिटताच अक्का झुलल्या, मी धरलं म्हणून बरं. पाय कुठे आहेत हे मेंदूला कळवणारा मार्गच मणक्यातल्या मज्जारज्जूत खराब होत चालला होता. उजेडात डोळे सांभाळून घेत होते, म्हणून त्या फक्त अंधारात भिंत धरायच्या. तीन वर्षं हे आमच्या समोर घडत होतं.

बी १२ तपासलं. २०० च्या वर असावं असं त्या लॅबच्या कागदावर होतं, अक्कांचं ९२ निघालं.

आता होमोसिस्टीन म्हणजे काय ते मला डॉक्टरबाईंनी समजावलं, ते माझ्या शब्दांत सांगते. डाळ, भात, भाकरी, दूध यांतल्या प्रथिनांत मेथिओनिन नावाचं अमिनो आम्ल असतं. शरीर ते वापरतं आणि वापरून झाल्यावर जे उरतं ते होमोसिस्टीन. म्हणजे जेवण झाल्यावरची खरकटी भांडी समजा. ती घासून पुन्हा फळीवर लावायची, म्हणजे परत मेथिओनिन करायचं, तर दोन जणी लागतात: फोलेट आणि बी १२. दुसरी वाट म्हणजे ते भांडं मोडीत घालून त्याचं वेगळंच भांडं, सिस्टीन, करून घ्यायचं. त्याला बी ६ लागतं. घासणारी आली नाही की मोरीत ढीग साचतो. रक्तातलं होमोसिस्टीन वाढतं ते बहुधा असं. मूत्रपिंड नीट चालत नसेल, थायरॉईड मंद असेल, तरीही वाढतं. वयानंही थोडं वाढतं. पण आपल्या घरांत पहिला संशय घासणारीवर घ्यायचा.

मग हृदयविकाराचं काय? ती गोष्ट सुरू झाली ती बोस्टनमध्ये. होमोसिस्टीन हे नाव १९३२ पासून रसायनशास्त्रज्ञांना माहीत होतं. १९६९ मध्ये किल्मर मॅक्कली नावाच्या डॉक्टरांनी दोन मुलांच्या रोहिणी तपासल्या. एक आठ वर्षांचा मुलगा पक्षाघातानं गेलेला, दुसरं जेमतेम दोन महिन्यांचं बाळ. दोघांचे जन्मजात दोष वेगवेगळे, पण दोघांच्या रक्तात होमोसिस्टीन प्रचंड वाढलेलं आणि रोहिण्या म्हाताऱ्या माणसासारख्या जाड झालेल्या. मॅक्कलींनी विचार मांडला की थोडंसं वाढलेलं होमोसिस्टीनही मोठ्या माणसांच्या रोहिण्या हळूहळू खराब करत असेल. पुढे लोकांच्या मोठमोठ्या पाहण्यांत हे दिसलंही. २००२ मध्ये अनेक पाहण्या एकत्र करून काढलेला हिशेब असा होता की ज्यांचं होमोसिस्टीन पाव हिश्श्यानं कमी, त्यांच्यात हृदयविकार सुमारे ११ टक्क्यांनी आणि पक्षाघात सुमारे १९ टक्क्यांनी कमी. त्याच वर्षी अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या पाहणीत, १४ च्या वर होमोसिस्टीन असलेल्या वृद्धांत अल्झायमर होण्याचा धोका जवळजवळ दुप्पट दिसला.

एवढं वाचलं की वाटतं, मग गोळी घ्या, आकडा खाली आणा, हृदय वाचलं. इथेच पत्रक थांबतं. पुढचं ते सांगत नाही.

कारण गोळ्या देऊनही पाहिलं गेलंय. नॉर्वेमध्ये नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांना बी जीवनसत्त्वं दिली, आणि कॅनडातल्या डॉक्टरांच्या पुढाकारानं साडेपाच हजार रुग्णांना पाच वर्षं दिली. दोन्हींचे निकाल २००६ मध्ये आले. होमोसिस्टीन छान उतरलं. हृदयविकाराचे झटके मात्र कमी झाले नाहीत. पक्षाघाताची गोष्ट थोडी निराळी आहे. त्या दुसऱ्या पाहणीत तो काहीसा कमी दिसला, आणि चीनमध्ये रक्तदाबाच्या वीस हजारांहून जास्त रुग्णांत रक्तदाबाच्या गोळीबरोबर फॉलिक ॲसिड दिलं तेव्हा, २०१५ च्या निकालाप्रमाणे, पहिल्या पक्षाघाताचं प्रमाण ३.४ टक्क्यांवरून २.७ टक्क्यांवर आलं. तिथे पिठात फॉलिक ॲसिड मिसळत नाहीत, म्हणजे लोकांच्या अंगात आधीच कमी असणार. जिथे उणीव आहे तिथे भरून काढण्याचा उपयोग, जिथे नाही तिथे फारसा नाही, असा मी त्याचा अर्थ घेते.

म्हणून माझं म्हणणं असं, की हा आकडा घेऊन हृदयाची भीती बाळगू नका आणि तो उतरला म्हणून हृदयाबाबत निर्धास्तही होऊ नका. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, तंबाखूची मिश्री यांच्याकडे बघायचं ते बघायचंच. (हो, मिश्री. आपल्यातल्या किती जणी अजून लावतात ते मला माहीत आहे.) होमोसिस्टीन आपल्याला सांगतं ते वेगळंच: मोरीत भांडी साचली आहेत, घासणारी का आली नाही ते बघा.

आणि घासणारी आपल्याकडे फार घरांत येत नाही. हे मी मनानं सांगत नाही. पुण्यात केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी या विषयावर वर्षानुवर्षं काम करताहेत. २००१ मध्ये त्यांनी परदेशी संशोधकांबरोबर पुण्यातल्या २०४ स्त्री-पुरुषांचे निकाल प्रसिद्ध केले. त्यात ७७ टक्के लोकांचं होमोसिस्टीन १५ च्या वर होतं. बी १२ मात्र कमी दिसलं ते ४७ टक्क्यांचं. म्हणजे नुसतं बी १२ तपासून 'नॉर्मल' आलेल्या कितीतरी जणांच्या पेशींना ते पुरत नव्हतंच. या तपासणीचा खरा उपयोग इथे आहे. बी १२ चा आकडा सीमेवर असेल, हातापायांना मुंग्या असतील आणि डॉक्टर म्हणत असतील बघू, तर होमोसिस्टीन विचारा.

हिमोग्लोबिनवर विसंबू नका. बी १२ कमी असलं की तांबड्या पेशी मोठ्या होतात आणि साध्या रक्ततपासणीत ते दिसतं, असं पुस्तकात असतं. पण आपल्या बायकांत लोहही कमी, आणि लोह कमी असलं की पेशी लहान होतात. लहान आणि मोठं मिळून सरासरी ठाकठीक दिसते. अक्कांच्या जुन्या रिपोर्टात तेच झालं होतं.

आणखी एक, विशेषतः ज्यांच्या घरी सून गरोदर आहे किंवा होणार आहे त्यांच्यासाठी. फॉलिक ॲसिडची गोळी बाळाच्या मणक्यासाठी आवश्यकच आहे, ती बंद करू नका. पण बी १२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड भरपूर घेतलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि मज्जातंतूंची झीज आत चालूच राहते. पुण्याजवळच्या सहा गावांत याज्ञिकांच्या गटानं १९९३ पासून गरोदर स्त्रिया आणि त्यांची मुलं यांची नोंद ठेवली. त्यात ज्या आयांचं फोलेट जास्त आणि बी १२ कमी होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं, म्हणजे पुढे मधुमेहाकडे नेणारं, लक्षण जास्त दिसलं. तेव्हा पहिल्या तीन महिन्यांतच डॉक्टरांना विचारा, बी १२ बघायचं का म्हणून.

आता शिबिराच्या नमुन्याबद्दल. अक्कांचे ६२ आले ते खरे नव्हते. डॉक्टरबाईंनी पुन्हा तपासायला लावलं तेव्हा ४१ आले. अजून औषध सुरूही झालं नव्हतं. झालं असं, की रक्त नळीत काढल्यावरही त्यातल्या तांबड्या पेशी होमोसिस्टीन तयार करत राहतात. नळी बाहेर उन्हाळ्यात पडून राहिली तर तासागणिक आकडा फुगत जातो, तासाला साधारण १० टक्के. नळी बर्फावर ठेवायची किंवा लगेच यंत्रात फिरवून पेशी वेगळ्या करायच्या असतात. आमच्या शिबिरात नळ्या सकाळी सातपासून दुपारी बारापर्यंत पत्र्याखालच्या टेबलावर स्टँडमध्ये उभ्या होत्या, मी स्वतः तिथे चहा वाटत होते. ४१ सुद्धा वाईटच, पण ज्यांचे खरे १३ असतील आणि कागदावर २० आले असतील, त्या घरांनी किती रात्री जागून काढल्या असतील? यंदा मी समितीच्या भाऊंना सांगितलंय की बर्फाचा डबा आणि फिरवायचं यंत्र येणार असेल तरच ही तपासणी ठेवा. नाहीतर लॅबमध्ये जाऊन रिकाम्या पोटी द्या, आणि नळी किती वेळात फिरवता ते विचारा. विचारायला लाजू नका, पैसे आपण मोजतो.

दुधाचा हिशेबही सांगते, कारण 'आम्ही दूध पितो ना' हे मला रोज ऐकायला मिळतं. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण दोन-अडीच मायक्रोग्रॅम बी १२ लागतं. पाव लिटरच्या पेल्यात एक मायक्रोग्रॅमच्या आसपास मिळतं, आणि आपण दूध दिवसातून तीनदा उकळतो त्यात थोडं जातं. डाळीत नाही, भाजीत नाही, फळात नाही. आता मला सांगा, आपल्यातली कोण दिवसाला दोन-तीन पेले दूध स्वतः पिते? मुलांना, सासऱ्यांना, पाहुण्यांना देऊन उरलेलं चहात. ताक म्हणाल तर त्यात पाणीच जास्त. पुण्याची माझी भाची गाईम्हशींच्या हालांमुळे दूधच सोडून बसली आहे. तिची भावना मला पटते, पण गोळी नाही घेतली तर तिचंही अक्कांसारखंच होणार, फक्त उशिरा. यकृतात साठा असतो तो काही वर्षं पुरतो. अक्कांना सुरुवातीला म्हणूनच काही जाणवलं नाही. आम्लपित्ताच्या गोळ्या किंवा मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांना तर खाल्लेलं बी १२ही कमी लागू पडतं.

"आपल्या आज्यांना कुठे झालं होतं असलं काही?" असं एकीनं विचारलं. माझी स्वतःची आजी शेवटची चार वर्षं अंथरुणावर होती. पाय गेले म्हणायचे सगळे. तिचं रक्त कोणी कधी तपासलं नाही.

राहिला प्रश्न नियमाचा, आणि खरं तर घरात सगळ्यात जास्त चर्चा यावरच झाली. डॉक्टरबाई सहज म्हणाल्या, "दूध सुरू करा." अक्कांनी मान हलवली. नियम देवासमोर घेतलेला. ह्यांचा आवाज चढला, मी रडले, अक्का शांत. मग मीच म्हटलं, दूध नको, औषध घ्या. त्यावर त्यांचा प्रश्न होता, "ते कशापासनं करतात?" तो प्रश्न मला आवडला. आपण प्रत्येक वस्तूला तो विचारतो, मग औषधाला का नाही? बी १२ कारखान्यात जिवाणूंकडून आंबवून तयार होतं, मांसातून काढत नाहीत. कॅप्सूलचं टरफल मात्र बहुतेक वेळा जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्याचं. ते नको असेल तर गोळी मागा. कधीकधी गोळीत भर म्हणून लॅक्टोज, दुधातली साखर, असते, तेही पाकिटावर वाचता येतं किंवा औषध दुकानदाराला विचारता येतं.

जिवाणूंचा प्रश्न अक्कांनी काढलाच. एकेंद्रिय असले तरी जीवच ना. चातुर्मासासाठी आलेल्या माताजींकडे आम्ही गेलो. त्यांनी अक्कांचं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "नियम दुधाचा घेतलाय का औषधाचा?" अक्का म्हणाल्या, दुधाचा. "मग औषध घ्या. अडखळून पडलात तर वाटेतल्या मुंग्या कोण सांभाळणार?" येताना रिक्षात अक्का स्वतःशीच हसत होत्या.

मला यात कुठे शिथिलता दिसत नाही. औषधदान आपल्याकडे चार दानांत मोजलेलं आहे. दुसऱ्याला औषध देणं पुण्य आणि स्वतःच्या सासूला देणं तडजोड, हे मला समजत नाही. उलट मला स्वतःची लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. अक्का एकेक पदार्थ सोडत गेल्या आणि मी प्रत्येक वेळी हात जोडले. सोडलेल्या वस्तूतून जे मिळत होतं ते आता कशातून मिळेल, हा विचार स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या बाईनं करायला हवा होता. पालेभाजी बंद असताना निदान मूग, हरभरा, चवळी वाढवली असती तर फोलेट तरी मिळालं असतं. मी त्या दिवसांत साबुदाणा आणि बटाट्याच्या भानगडीत नव्हते हे खरं, पण भात-आमटीवर वेळ मारून नेत होते.

अक्कांना आधी इंजेक्शनं दिली, मग गोळी. किती आणि कसं ते प्रत्येकीच्या डॉक्टरांनी ठरवायचं, माझ्या भरवशावर घेऊ नका. चार महिन्यांनी होमोसिस्टीन १२ झालं. जीभ तर पंधरा दिवसांतच बरी झाली. मुंग्या बऱ्याच कमी आहेत. पूजा म्हणताना आता अडखळत नाहीत, उलट माझंच चुकलं की टोकतात. अंगठ्यावरची झिणझिण मात्र अजून कळत नाही, आणि डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलंय की जे फार दिवस झिजलं ते सगळं परत येईलच असं नाही. पहाटे अभिषेकाला जाताना बस्तीच्या पायऱ्यांवर त्या माझा हात धरतात. हातात बॅटरी असली तरी.

शिबिर रविवारी आहे. बर्फाचा डबा येणार की नाही ते भाऊ शुक्रवारी सांगणार आहेत, कळलं की इथे लिहिते.